काजूच्या हंगामातला ताप अंगावर काढू नका

महोदय,

काजूची बोंडे पिकू लागली की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वाड्यांवरची माणसे सकाळीच बागायतीत जातात. माकडतापाचा हंगामही नेमका तेव्हाच भरात असतो. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यूची चाचणी करायची, हे आता कोणाला सांगावे लागत नाही. जानेवारी ते मे या महिन्यांतल्या तापाबद्दल मात्र तेवढी जागरूकता नाही, म्हणून हे पत्र.

माकडताप हा रोग १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. गोव्यात २०१५ साली सत्तरीतील पाली गावात त्याची साथ आली. पुढच्या वर्षी म्हाऊस भागात काजू गोळा करणारे आजारी पडले आणि शेजारच्या दोडामार्ग तालुक्यातही रुग्ण सापडले. नावामुळे लोक माकडाला दोष देतात, पण माकड स्वतःच या विषाणूने मरते. माणसाला हा ताप गोचीड चावल्याने होतो. एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचे काहीच कारण नाही.

गोचिडीचे वर्षाचे चक्र समजले की खबरदारी कधी घ्यायची तेही समजते. पूर्ण वाढलेल्या गोचिडी पावसाळ्यात गुराढोरांच्या अंगावर पोसतात आणि मग जमिनीवर अंडी घालतात. पावसानंतर त्यांतून अळ्या निघतात. साधारण डिसेंबरपासून त्यांची पिल्ले सुक्या पाचोळ्यात तयार असतात, आणि माणसाला चावतात ती बहुतेक हीच. आकार खसखशीच्या दाण्याएवढा, चावल्याचे दुखतही नाही. काजू वेचणारा माणूस तासन्‌तास याच पाचोळ्यात वाकलेला किंवा उकिडवा बसलेला असतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात आणि तेवढी जागा फार धोक्याची होते. मेलेले माकड दिसले तर हात लावू नये, दगड-काठीने हलवू नये. आरोग्य केंद्राला आणि वन खात्याला लगेच कळवावे. त्या जागेभोवती ५० मीटरपर्यंत कीटकनाशक भुकटी मारून होईपर्यंत तिथली बोंडे तशीच राहू द्यावीत.

बागायतीत जाताना अंगभर, शक्यतो फिक्या रंगाचे कपडे घालावेत, म्हणजे गोचीड दिसते. विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, गमबूट असल्यास उत्तम. साडी नेसणाऱ्या बायकांनी आतून विजार घालून तीही मोज्यांत खोचावी, कारण बसल्यावर साडीचा घोळ पाचोळ्यातच असतो. हात, पाय, मान यांना गोचीड दूर ठेवणारे डेपा किंवा डीएमपी तेल लावावे. डोळे, तोंड आणि जखमा सोडून. इथे एक चूक हमखास होते. तेल सकाळी एकदाच लावले जाते आणि दहा-अकरापर्यंत घामाने उतरून जाते. बाटली सोबत ठेवून दुपारी पुन्हा लावायला हवे. न्याहारीला पाचोळ्यावर बसू नये, घोंगडी किंवा गोणपाटही पसरू नये, मोकळ्या कातळावर बसावे. गोठ्यात अंथरायला जंगलातला पातेरा आणण्याची पद्धत या महिन्यांत तरी बंद ठेवावी. त्याबरोबर गोचीड थेट घरात येते. गुरांच्या गोचिडींवरचे औषध पशुवैद्याला विचारून वेळेवर द्यावे.

घरी आल्यावर कपडे बाहेरच काढून कढत पाण्यात बुडवावेत, गार पाण्याने गोचीड मरत नाही. साबण लावून गरम पाण्याने अंघोळ करावी आणि काखा, जांघा, गुडघ्यांमागची बाजू, कंबर, बेंबी, कानांमागे, केसांची मुळे तपासावीत. पाठ दुसऱ्याकडून पाहून घ्यावी. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरावी, सावकाश सरळ वर ओढावी आणि ती जागा साबणाने धुवावी. रॉकेल, चुना किंवा जळती काडी लावू नये. त्याने ती लवकर सुटत नाही, उलट तिची लाळ जखमेत जाण्याचा धोका वाढतो. नखाने चिरडूही नये.

गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप भरतो. कपाळ ठणकते, कंबर व पोटऱ्या पिळवटतात, डोळे लाल होतात, उलट्या-जुलाब होतात. काहींच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटतात, त्यामुळे पहिला संशय डेंग्यूचाच येतो. डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह आली की ‘साधा ताप’ म्हणून गोळ्या घेऊन घरी बसणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. रुग्णाने ‘मी काजूत कामाला जातो’ हे न विचारता सांगावे आणि डॉक्टरांनीही ते विचारावे. ताप कोणत्या दिवशी आला ते कागदावर लिहून ठेवावे. पहिल्या काही दिवसांत विषाणू आरटीपीसीआरने सापडतो, साधारण पाचव्या दिवसानंतर रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम चाचणी उपयोगी पडते. दिवस चुकीचा सांगितला तर चाचणी चुकीची होते.

यावर विषाणू मारणारे खास औषध नाही. कर्नाटकात वापरात असलेली जुनी लस परिणाम अपुरा ठरल्याने २०२२ मध्ये थांबवण्यात आली. भरपूर पाणी-पेज, तापाला पॅरासिटामॉल आणि रक्तस्रावावर डॉक्टरांची नजर, एवढेच उपचार. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकची सुई मागू नये, अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनही घेऊ नये. या औषधांनी रक्तस्राव वाढतो. बहुतेक जण एक-दोन आठवड्यांत बरे होतात, पण शंभरांतले तीन ते पाच दगावतात. दहा-वीस जणांना आठवडा-दोन आठवडे बरे वाटून पुन्हा ताप येतो. मान आखडते, हात कापतात, गुंगी येते. ताप उतरला म्हणून लगेच कामावर गेलेला माणूस अशा वेळी बागायतीतच कोसळू शकतो. दुसरा ताप आला की थेट रुग्णालय गाठावे.

आरोग्य खात्याला एक विनंती आहे. तेलाचे वाटप रुग्ण सापडल्यावर करून काय उपयोग? ते डिसेंबरअखेर वाड्यावाड्यांवर पोहोचले पाहिजे. फेणी गाळण्यासाठी काजू झोनचा (काजूच्या बागायतींच्या विभागांचा) लिलाव होतो त्याच वेळी भट्टीवाल्यांना त्यांच्या मजुरांच्या संख्येनुसार बाटल्या द्याव्यात. बाहेरून येणारे बरेच मजूर मराठी-कोकणी वाचत नाहीत, म्हणून बाटलीसोबतच्या सूचना कानडी आणि हिंदीतही छापाव्यात, आणि त्यात ‘दुपारी पुन्हा लावा’ हे शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत असावेत.

– एक आरोग्य कर्मचारी, सत्तरी