मंत्रीमहोदय, अकरावी पायरी कुठे आहे?

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे, म्हणून हे पत्र डाव्या अंगठ्याने मोबाइलवर टाइप करतोय. शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करावं. माझ्या अर्जांकडे करता, तितपतच.

तीन आठवड्यांपूर्वी ठाणे जिल्ह्यातल्या एका बौद्ध लेण्यात गेलो होतो. नाव लिहीत नाही, नाहीतर उद्या तिथल्या बिचाऱ्या पहारेकऱ्यालाच नोटीस जायची. ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर एकच नाद: पिशवीत वही नि पेन्सिल घालायची आणि जमतील तेवढी लेणी कागदावर उतरवायची. त्या दिवशी खाली येताना दहाव्या पायरीनंतर अकरावी नव्हतीच. हात टेकला आणि तोच मोडला. आता बायको वरण-भात कालवून भरवते. शर्टाची बटणं नात लावते, एक वर, एक खाली.

गेल्या वर्षी तुम्हीच पायथ्याशी येऊन पायऱ्या, कठडा आणि माहितीफलक पावसाळ्याआधी देतो म्हणाला होतात. टाळ्या मीही वाजवल्या, तेव्हा दोन्ही हात चालत होते. पुढे झालं काय, तर सिमेंटची एक कमान आणि तिच्यावर तुमचा फ्लेक्स, आतल्या बुद्धापेक्षा मोठा. कमानीला म्हणे १२ लाख लागले. चहावाला १८ सांगतो. वर बुद्धाच्या गुडघ्यावर कुणीतरी बाणासकट बदाम कोरून ठेवलाय.

ताफा न घेता कधी लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात गेलात? चैत्यगृहात, म्हणजे स्तूपाच्या प्रार्थना-दालनात, शिरल्यावर क्षणभर काही दिसत नाही. मग पिंपळपानी गवाक्षातून उजेड स्तूपावर उतरतो आणि खांब एकेक करून अंधारातून पुढे येतात. खाली घट, वर गुडघे टेकलेले हत्ती, हत्तींवर माणसं. छताला लाकडी फासळ्या. डोंगराच्या दगडाला त्यांची काडीचीही गरज नाही, पण कारागिरांचा हात लाकडी घरांवर बसलेला, सवय सुटली नाही. जवळच्या भाजे लेण्यात तर दगडी खांबच आत कललेले कोरलेत, जणू छपराचा रेटा खरोखर त्यांच्यावर आहे. पहिल्यांदा मी ते सरळ काढले होते. घरी येऊन खोडले.

कार्ल्याच्या एका शिलालेखात वैजयंती नगरीचा भूतपाल श्रेष्ठी, म्हणजे शेठ, सांगतो की जंबुद्वीपातलं, म्हणजे भारतातलं, हे उत्तम शैलगृह त्याने पूर्ण केलं. बढाई आहे, पण समोर काम तरी आहे! त्याच लेण्याच्या दारावर धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचं नाव आहे. सुताराचं! तुमच्या कमानीवर नऊ नावं मोजली. गवंडी त्यात नाही.

आपल्या येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरी. शंभरावर लेणी, आणि तिथल्या दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं. लेण्यालेण्याशी कातळात खोदलेली पाण्याची पोढी, म्हणजे टाकी, त्यांत पावसाचं पाणी नेणारे पाट. छिन्नी-हातोड्याने केलंय सगळं. मी राहतो घोडबंदर रोडला. आमच्या ३२ मजली टॉवरला लिफ्ट आहे, जिम आहे आणि पाण्याला टँकर आहे. आम्ही घर घेतलं तेव्हा बिल्डरने पाणी दाखवलं होतं, ब्रोशरमध्ये, निळं. ह्याचा लेण्याशी काय संबंध, असं तुमचे पीए विचारतील. त्यांना म्हणावं, पोढी बघून या.

तक्रार मी रीतसर केली होती. रस्ता एका खात्याचा, झाडं दुसऱ्याची, लेणं तिसऱ्याचं. पायरी कुणाचीच नाही. तिघांकडे अर्ज दिले, एकाकडून मेसेज आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. पायरी तर आधीच निकालात निघालेली. या राज्यात कामाची तारीख मंडप घालतानाच सांगतात आणि मंडपाबरोबरच ती गुंडाळून नेतात. आणि आम्ही पुन्हा पुढच्या मंडपात खुर्च्या धरायला हजर.

एकूण पायऱ्या ५६, त्यांतल्या १३ हलतात. १४ही असतील, शेवटच्या मी बसून उतरलो. कठडा हवा, मराठीत फलक हवा, आणि दुपारी तरी पहारेकरी जागेवर हवा. कमान राहू द्या, फोटोला बरी आहे.

प्लास्टर पुढच्या महिन्यात निघेल. डॉक्टर म्हणतात, बोटं पूर्वीसारखी वळतील याची खात्री नाही. मी तरी जाणारच आहे, नातीला घेऊन; तिला कललेले खांब दाखवायचेत, पण त्याआधी हे जवळचं लेणं. तेवढ्यात अकरावी पायरी बसवा. जागा सापडायला कठीण नाही, माझी ४बी पेन्सिल तिथेच फटीत पडली आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, ठाणे