चि. मुक्तास

लालबाग, मुंबई
२ ऑगस्ट

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

ओवीच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरल्याचे तुझ्या आईकडून कळले. मला तू परस्पर सांगितले नाहीस, याचे कारण मी ओळखून आहे. मे महिन्यात लंडनच्या त्या जुन्या शस्त्रक्रियागृहाच्या संग्रहालयात, सात वर्षांच्या पोरीला हाडे कापायच्या करवती कशाला दाखवायच्या, म्हणून मी चारचौघांत तुझ्यावर ओरडलो होतो. ते उकरून काढण्यासाठी हे पत्र नाही. भूल देताना तू तिच्याजवळ असशील ना, एवढेच विचारायचे आहे.

खरे तर ओवी घाबरलीच नव्हती. सेंट थॉमस चर्चच्या माळ्यावर जाणारा तो ५२ पायऱ्यांचा गोल जिना ती धावत चढली आणि मी गुडघा सांभाळत मागून पोहोचलो. वर वाळलेल्या वनस्पती पाहून मला आपल्या नाक्यावरच्या काष्ठौषधींच्या दुकानाची आठवण झाली आणि बरे वाटले. पण पलीकडे १८२२ सालची ती लाकडी खोली, विद्यार्थ्यांनी उभे राहून पाहण्यासाठीचे कठडे, मधोमध अरुंद टेबल आणि रक्त टिपण्यासाठी खाली ठेवायची भुशाची पेटी दिसली. लंडनमध्ये ईथरची भूल आली ती डिसेंबर १८४६ मध्ये; म्हणजे त्याआधी चोवीस वर्षे तिथे आणलेल्या बायकांवर त्या शुद्धीत असतानाच शस्त्र चालवले गेले. माहिती सांगणाऱ्या बाईंना ओवीने विचारले, "मग त्यांना धरायला त्यांची आई होती का?" मदतनीस धरून ठेवत, असे त्या म्हणाल्या. ओवी पुढची बरणी पाहायला गेली. मी तुझ्यावर ओरडलो तो त्यानंतर.

तुझ्या अपेंडिक्सच्या वेळी माझी दुसरी पाळी होती. आई विनूच्या बाळंतपणासाठी माहेरी होती, तुझ्यासोबत काकू होत्या. पाळी बदलून मागता आली असती; मी मागितली नाही. रात्री साडेअकराला आलो, तेव्हा तू जागी होतीस आणि भिंतीकडे तोंड करून पडली होतीस.

तिकडे आईवडिलांपैकी एकाला भूल देण्याच्या खोलीत येऊ देतात, असे तूच मागे म्हणाली होतीस. मग तूच जा, कामाचे फोन बंद ठेव. दुखणार नाही असे खोटे सांगू नकोस. लिस्टर या शल्यविशारदाने १८६७ मध्ये जंतू मारणाऱ्या कार्बोलिक आम्लाची पद्धत मांडली त्याआधीचे शल्यविशारद हातही न धुता शस्त्र धरत, आता तसे नसते, हे तिला समजावून सांग. आदल्या रात्री किती वाजेपर्यंत खाऊ द्यायचे, ते लिहून घे. पुन्हा उपदेश सुरू झाला, क्षमा कर. तू सगळे विचारून, वाचून करतेस, हे मी इथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना मोठ्या तोऱ्याने सांगत असतो, आणि तुलाच शिकवायला बसतो.

वेळ तेवढी कळव. तुमचे सकाळचे आठ म्हणजे इथले साडेबारा. मी जेवायचा थांबेन. आणि तू आत गेलीस, असा निरोप जावयांनी बाहेरून द्यावा.

तुझे
बाबा

ता. क. टॉन्सिलनंतर तिकडे आईस्क्रीम देतात का, असे आई विचारते आहे.