फुटलेला डोंगर आणि फुटलेली लाइन

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला ब्रिटिश कादंबरीकार रॉबर्ट हॅरिस यांच्यावरचा लेख वाचला. त्यांच्या कादंबरीवरच्या ‘कॉन्क्लेव्ह’ चित्रपटामुळे हे नाव चर्चेत आले म्हणून असेल, लेख धक्कातंत्राभोवतीच फिरला. ‘पॉम्पेई’ (२००३) या कादंबरीची ‘ज्वालामुखीवरची’ म्हणून एका ओळीत बोळवण झाली. पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला ती पाणीपुरवठ्यावरची कादंबरी वाटते.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई हे रोमन शहर गाडले गेले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. शेवट असा आधीच उघडा. हॅरिस यांनी नायक केला तो ‘अक्वेरियस’, म्हणजे ऑगस्टा जलवाहिनीवर नव्याने आलेला अभियंता. कथा स्फोटाच्या दोन दिवस आधी सुरू होते. हौदातले मासे मरतात, पाण्याला गंधकाचा वास येतो, मग मिसेनमच्या टाकीत येणारे पाणीच थांबते. (ही टाकी नेपल्सजवळ अजून उभी आहे. क्षमता सुमारे सव्वा कोटी लिटर!) कोणत्या गावाचे पाणी गेले, कुठे अजून येते, यावरून तो फुटीची जागा काढतो. आम्हीही रात्री दोन वाजता हेच करायचो. एकेक व्हॉल्व बंद करत जायचे, सळई पाइपावर टेकवायची, दुसरे टोक कानाला. हा गडी दुरुस्तीसाठी नेमका त्याच डोंगराकडे निघतो तेव्हा मी ‘अहो, मागे फिरा!’ असे मोठ्याने म्हणालो. कोणाशी बोलताय, म्हणून स्वयंपाकघरातून विचारणा झाली.

लेखात ‘अफाट संशोधन’ असे म्हटले आहे. असेलच, पण हॅरिस मूळचे पत्रकार. बीबीसी, मग ‘ऑब्झर्व्हर’चे राजकीय संपादक. हिटलरच्या बनावट डायऱ्यांच्या प्रकरणावर त्यांनी १९८६ मध्ये पुस्तक लिहिले. कागद कुठे खोटे बोलतो ते अशा माणसाला कळते. इथेही पाण्याचा हिशेब जुळत नाही आणि आधीच्या, बेपत्ता अभियंत्याचे हात ओले निघतात. अनधिकृत नळजोड दोन हजार वर्षांपूर्वीही होते, हे वाचून बरे वाटले म्हणू की वाईट?

कादंबरीत स्फोट २४ ऑगस्टचा आहे. पुढे २०१८ मध्ये पॉम्पेईच्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची तारीख सापडली, त्यामुळे ऑगस्टबद्दल शंका आहे. कादंबरीचे त्याने काही बिघडत नाही. लाइन फुटायला ठरावीक महिना लागत नाही.

जाता जाता, कात्रजच्या तलावाचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणणारा नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातला. वाटेत उच्छ्वास, म्हणजे नळावरचे हवेसाठीचे उभे झरोके, बांधलेले. आपल्या कादंबऱ्यांत पेशवे भेटतात, उच्छ्वासात उतरून गाळ काढणारा मला तरी भेटलेला नाही. कोणी लिहायला घेणार असेल तर गळतीबद्दल विचारायला जरूर यावे. चहा माझ्याकडून.

– एक निवृत्त शाखा अभियंता, पुणे