तक्रार पत्र: घंटा वाजते, पण बोलणं होत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सदाशिव पेठ कार्यालय व भोसरी कारखाना येथील टेलिफोन सर्व्हरची जोडणी अपुरी असल्याबाबत

महोदय,

आमचं कार्यालय सदाशिव पेठेत आणि कारखाना भोसरी एमआयडीसीत आहे. दोन्हीकडे तुमच्या कंपनीने अ‍ॅस्टेरिस्कचे, म्हणजे इंटरनेटवरून फोन जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचे, सर्व्हर बसवले. पेठेतून तीन आकडी नंबर लावला की भोसरीत फोन लागेल आणि तिकडून इकडेही तसाच लागेल, असं तुमच्या कोटेशनमध्ये लिहिलं होतं. पैसे आम्ही पूर्ण भरले, काम मात्र पूर्ण झालेलं नाही.

तुमच्या हेल्पलाइनवर दर वेळी नवा माणूस 'आवाज येत नाही' एवढंच टिपून घेतो, म्हणून सविस्तर लिहितो. पेठेतून फोन लावला की भोसरीचा माणूस आम्हाला स्वच्छ ऐकू येतो, पण आमचा आवाज त्याला जात नाही. तो 'हॅलो हॅलो' करत राहतो आणि ३२ सेकंदांनी कॉल तुटतो. भोसरीहून लावलेला कॉल तुटत नाही, पण भोसरीच्या माणसाला तेव्हाही काहीच ऐकू येत नाही. एवढ्यावरूनच बिघाड भोसरीच्या बाजूला आहे हे जाणकाराला कळायला हवं. तुमच्या तंत्रज्ञांनी मात्र आधी पेठेतले हँडसेट बदलले, मग केबल बदलली आणि शेवटी 'तुमचं इंटरनेट स्लो आहे' असं सांगून हात झटकले. जी.७११ वर, म्हणजे आवाज पाठवायच्या आपल्या पद्धतीत, एका कॉलला प्रत्येक दिशेने सेकंदाला १०० किलोबिटसुद्धा लागत नाहीत. आणि लाइन स्लो असती तर आवाज तुटक आला असता, नेमका एकाच बाजूने बंद राहिला नसता.

घोडं कुठे पेंड खातंय ते आम्ही स्वतः पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, पकडून पाहिलं. भोसरीचा सर्व्हर कॉल जोडताना स्वतःचा पत्ता म्हणून कारखान्यातला १९२.१६८.१ चा आतला पत्ता सांगतो. त्या पत्त्यावर बाहेरून काहीच पोचत नाही. त्यात पेठेच्या नेटवर्कलाही तुमच्या माणसाने तेच १९२.१६८.१ चे पत्ते दिले आहेत, त्यामुळे आमचा आवाज पेठेच्या बाहेरच पडत नाही. ३२ सेकंदांचं कारणही तेच. फोन उचलल्याचा निरोप भोसरीहून आला की त्याची पोच परत जावी लागते, आणि ती त्याच चुकीच्या पत्त्यावर जाते. इंटरनेटवरून कॉल जोडायच्या एसआयपी या पद्धतीच्या नियमांत, म्हणजे २००२ च्या आरएफसी ३२६१ या दस्तऐवजात, पोचेची वाट अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट पाहायची असं ठरलेलं आहे. त्यानंतर सर्व्हर कॉल सोडून देतो.

यावरचा उपाय तुमच्या धंद्यातल्या माणसाला नवा नाही. भोसरीच्या सर्व्हरला बाहेरचा पत्ता कोणता आणि आतलं नेटवर्क कोणतं हे सांगायचं, आवाजाचे १०००० ते २०००० हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरची क्रमांकांची दारं, राउटरवरून सर्व्हरपर्यंत पोचवायचे, राउटरमधलं एसआयपी एएलजी, म्हणजे कॉलच्या निरोपांतले पत्ते परस्पर बदलणारी सोय, बंद करायचं. हे नको असेल तर आयएएक्स ही अ‍ॅस्टेरिस्कची स्वतःची कॉल जोडायची पद्धत वापरा. त्यात कॉलची बोलणी आणि आवाज दोन्ही ४५६९ या एकाच पोर्टवरून जातात आणि दोन्ही सर्व्हर अ‍ॅस्टेरिस्कचेच आहेत. तुमच्या एका तंत्रज्ञाने व्हीपीएन, म्हणजे दोन्ही जागांची नेटवर्कं इंटरनेटवरून खासगी जोडणारी वाट, टाकतो म्हटलं होतं. तेही चालेल, पण आधी एका जागेचे आतले पत्ते बदलावे लागतील.

दुसरी गोष्ट स्टॅटिक आयपीची, म्हणजे इंटरनेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्याची. बिलात तो दोन्ही जागांसाठी लावला आहे. प्रत्यक्षात गुरुवारी भोसरीत वीज गेली की राउटर परत सुरू होताना पत्ता बदलतो. मग पेठेचा सर्व्हर भोसरीला ओळखत नाही आणि तुमचा माणूस येऊन नवा पत्ता भरेपर्यंत घंटाही वाजत नाही. जे दिलंच नाही त्याचे पैसे परत करा.

सर्वांत जास्त संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. पेठेच्या सर्व्हरवर एसआयपीचा ५०६० हा पोर्ट साऱ्या जगाला उघडा ठेवला होता आणि एक्स्टेन्शनचा पासवर्ड तोच एक्स्टेन्शन नंबर होता. सर्व्हरच्या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, रात्रभर अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न दिसत होते. या सर्व्हरला आमची बाहेरची लाइन जोडलेली आहे. कुणी आत शिरून परदेशी कॉल केले असते तर ते बिल आमच्या माथी आलं असतं. पासवर्ड आम्ही बदलले. पण भोसरीचा पत्ता स्थिर नसल्यामुळे 'फक्त भोसरीहून येऊ द्या' असा नियम आम्हाला लावता येत नाही.

आमचं काम मापांचं आहे. गिऱ्हाईक पेठेत येऊन ड्रॉइंगमधलं माप बदलून जातं, ते लगेच मशीनवरच्या माणसाला सांगावं लागतं. शेडमध्ये मोबाइलला रेंज नसते. निरोप वेळेत न पोचल्यामुळे जुन्या मापाने काढलेला माल आमचा वाया गेला आहे. नाशिक फाट्याच्या गर्दीतून दर वेळी माणूस पाठवायचा, तर ही यंत्रणा घेतली कशाला?

फोनवर आदळआपट न करता बिघाड शोधून काढणारा माणूस या आठवड्यात भोसरीला पाठवा. दोन्हीकडून लावलेला कॉल आमच्यासमोर पाच मिनिटं चालला, दोघांना एकमेकांचं ऐकू आलं आणि राउटर बंद करून परत सुरू केल्यावरही तसंच झालं, तरच काम पूर्ण झाल्याच्या कागदावर आम्ही सही करू. तोपर्यंत वार्षिक देखभालीचा हप्ता भरणार नाही. पकडलेली पॅकेट आणि लॉग सोबत जोडले आहेत.

आपला,
भागीदार
सदाशिव पेठ, पुणे