पावसाळ्याआधी कचऱ्याला छप्पर हवे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिन्यात कोकणातल्या प्रत्येक नगरपरिषदेत पावसाळापूर्व बैठका होतात. दरडी, धोकादायक झाडे, गटारे यांची यादी निघते. कचरा या यादीत येतो तो फक्त गटारात अडकलेल्या पिशव्यांच्या रूपाने. वास्तविक आपल्या शहरांतली कचऱ्याची घडी जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच मोडते. गाड्या कमी आहेत, लोक बेशिस्त आहेत, ही नेहमीची कारणे आहेतच. पण मूळ कारण आहे पाणी, आणि त्याची तयारी आताच करावी लागते. म्हणून हे पत्र.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कोरड्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देतो. तोच पुठ्ठा भिजला की तो वजनात कट लावतो, बुरशी आली असेल तर उचलतच नाही. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात आधीच ७० ते ८० टक्के पाणी असते. खत नीट होण्यासाठी ढिगात ५० ते ६० टक्केच ओल लागते. वरून पावसाचे पाणी पडले की ढिगातली हवा संपते, कचरा कुजण्याऐवजी सडतो आणि काळे पाणी खाली झिरपू लागते. आपले बहुतेक कचरा डेपो सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर आहेत. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर मुरलेले पाणी खालच्या वाडीतल्या पऱ्यात (ओढ्यात) आणि विहिरीत उतरते. देशावरच्या शहरासाठी केलेला आराखडा इथे जसाच्या तसा चालत नाही, तो यामुळे.

ओला कचरा शक्यतो घराच्या आवारातच जिरवावा, असे सगळेच सांगतात. पावसाळ्यात तो का जिरत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. उत्तर साधे आहे. त्या दिवसांत घरात सुका पाला नसतो. आत्ता, मे महिन्यात, घरोघरी अंगण झाडून पातेरा पेटवला जातो, आणि हा पातेरा म्हणजे पावसाळ्यातल्या खताचा निम्मा कच्चा माल. चौघांच्या घरात रोज अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. त्याला पावसाळ्यात रोज दोन ते तीन लिटर मापाचा चुरलेला पाला लागतो. चार महिन्यांचा हिशोब केला तर ५० किलो तांदळाच्या गोणीत दाबून भरलेली पाच-सहा पोती होतात. ती पडवीत किंवा माळ्यावर कोरडी ठेवली की वर्षाचे काम झाले. आंबा, काजू, फणस यांची पाने जाड असतात, पायाने किंवा काठीने चुरून घ्यावीत. सुरूच्या काड्या आणि झावळीचे हीर घालू नयेत, ते वर्षभर तसेच राहतात. ज्यांच्याकडे झाडच नाही त्यांना लाकडाच्या वखारीतला भुसा चालतो, पण प्लायवुडचा नको, त्यात डिंक आणि रसायने असतात.

भांडी म्हणून ५० ते ६० लिटरची झाकणाची दोन पिंपे पुरतात. बाजूंना वीतभर अंतरावर ८ ते १० मिलिमीटरची भोके पाडावीत, तळाला पाच-सहा. पिंप जमिनीवर न ठेवता जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर ठेवावे, म्हणजे खालून हवा खेळते. जागा पागोळ्यांपासून दोन हात आत हवी. कोकणातली झड आडवी येते आणि बाजूच्या भोकांतून पाणी शिरते. तळाला नारळाच्या सोडणांचे (काथ्याच्या सालींचे) तुकडे चार बोटे जाड पसरावेत, वर मूठभर जुने खत किंवा वाटीभर शेणकाला. मग रोज ओला कचरा बारीक करून टाकायचा आणि तो दिसेनासा होईल इतका पाला वर घालायचा. तीन-चार दिवसांनी काठीने खालवर करायचे. ढीग खचत जातो, त्यामुळे एक पिंप भरायला साधारण सहा आठवडे लागतात. ते बाजूला ठेवून दुसरे सुरू करायचे. पहिल्यातले खत आणखी सहा ते आठ आठवड्यांत तयार होते.

बिघडले तर वास वेगवेगळे येतात आणि त्यावरून उपाय कळतो. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडला आहे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही, पाणी साचले आहे. अशा वेळी पिंप उपडे करून पाला मिसळावा, तळाची भोके मोकळी करावीत. मूठभर माल घट्ट पिळावा, हात ओला व्हावा पण एक-दोन थेंबांपेक्षा जास्त पाणी गळू नये. चिलटे झाली तर फळांच्या साली उघड्या राहिल्या आहेत. करड्या चपट्या अळ्या दिसल्या की लोक घाबरून सगळे फेकून देतात. त्या निरुपद्रवी असतात, उलट कचरा झपाट्याने संपवतात. पांढरी बुरशी तर चांगलीच. आंब्याच्या कोयी आणि फणसाच्या आठळ्या पिंपात टाकू नयेत, कुजायच्याऐवजी रुजतात.

आता मासळी. कोकणातल्या घराच्या कचऱ्याबद्दल लिहायचे आणि मासळी टाळायची, हे कसे चालेल? नगरपरिषदेच्या माहितीपत्रकांत तिचा उल्लेख क्वचितच सापडतो. खवले, कल्ले, आतडी आणि कोळंबीची साले उघड्या पिंपात टाकली की रात्रीत घूस आणि मांजरे येतात. ज्यांच्याकडे माड आहेत त्यांच्यासाठी जुनी रीतच उत्तम आहे. बुंध्यापासून तीन-चार फुटांवर दीड ते दोन फूट खोल खड्डा घ्यावा, मासळीचा कचरा टाकून वर राख किंवा पाला आणि मग माती दाबावी. विहिरीपासून किमान ५० फूट लांब राहावे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तो डब्यात घालून गाडी येईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवावा. आदल्या रात्रीपासून बाहेर टांगलेली पिशवी कुत्री फोडतातच. तिसऱ्या, मुळे, कालवे या शिंपल्यांची कवचे चुन्याची असतात, ती कुजत नाहीत आणि खताच्या श्रेडरची (कचरा बारीक करणाऱ्या यंत्राची) पाती बोथट करतात. ती वेगळी द्यावीत किंवा वाटेवर टाकून चेचावीत. मासळी बाजाराचा कचरा मात्र घरच्या गाडीत मिसळताच कामा नये. तो एका ठिकाणी, रोज आणि ठरल्या वेळी निघतो. त्याला झाकणबंद स्वतंत्र गाडी आणि बायोगॅसचा किंवा खताचा स्वतंत्र हौद हवा.

सुक्या कचऱ्यात लोकांची खरी अडचण अशी की काय विकले जाते हे माहीत नसते. वर्तमानपत्रे, पुठ्ठा, पाण्याच्या आणि तेलाच्या बाटल्या, शाम्पूचे जाड डबे, पत्रा, अ‍ॅल्युमिनियम यांना गिऱ्हाईक आहे. दुधाच्या पिशवीलाही आहे, पण ती धुऊन वाळवलेली हवी. पिशवीचा कोपरा कापून पूर्ण वेगळा करू नये, चीर देऊन तो पिशवीलाच लटकू द्यावा. तो सुटा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि गटारातून खाडीत जातो. बाटलीचे झाकण काढून बाटली चेपावी. बाटली आणि झाकण यांचे प्लास्टिक वेगळे असते, शिवाय झाकण लावलेली बाटली चेपत नाही आणि गाडी हवेनेच भरते. कोकणातून माल घाट चढून कोल्हापूर-साताऱ्याकडे किंवा महामार्गाने मुंबईकडे जातो. दाबून गाठी न बांधता ट्रक भरला तर मालाच्या किमतीपेक्षा भाडे जास्त होते. प्रत्येक शहराला गाठी बांधण्याचे एक यंत्र आणि ते ठेवायला कोरडी जागा हवी, ती यासाठी.

वेफर्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टने, थर्माकोल, फोम, तुटक्या चपला आणि आतून प्लास्टिकचा थर असलेले कागदी पेले यांना भंगारात भाव नाही. यात आपल्याकडची एक खास भर म्हणजे पावसाळा संपल्यावर फाटलेली निळी ताडपत्री. पडवीला, लाकडांच्या राशीला, होडीला लावलेली ही ताडपत्री ऑक्टोबरात चिंध्या होऊन कुंपणावर लोंबत असते आणि वाऱ्याने शेतात जाते. ऑक्टोबरच्या एका ठरलेल्या आठवड्यात ताडपत्र्या, मेणकापडे आणि जाळ्यांचे तुकडे गोळा करण्याची फेरी काढली तर मोठा भार कमी होईल. पातळ प्लास्टिकचे २ ते ४ मिलिमीटरचे तुकडे डांबरी रस्त्यात वापरता येतात, डांबराच्या वजनाच्या सहा ते आठ टक्क्यांपर्यंत. ते गरम खडीवर टाकून वितळवायचे असतात, म्हणून माल कोरडा आणि स्वच्छ लागतो. पीव्हीसी त्यात चालत नाही. पीव्हीसीचे पाईप आणि वायरी पातेऱ्याबरोबर जाळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि डायॉक्सिन हवेत जातात, तेही घराच्या अंगणात, लहान मुलांच्या उंचीवर.

डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, लाल खूण करून वेगळे द्यावेत. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकण चिकटपट्टीने बंद करावे. सफाई कामगाराच्या हाताला सुई टोचली तर पुढचे महिने तो तपासण्यांत आणि काळजीत घालवतो. फुगलेली मोबाइलची बॅटरी कचऱ्यात दाबली गेली की पेट घेते, ती विक्रेत्याकडे परत करावी. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती न फोडता तिच्या खोक्यातच द्यावी.

घरातून इतके वेगळे करून दिले आणि गाडीत सगळे एक झाले, तर नागरिक दुसऱ्या दिवसापासून वेगळे करणे सोडतो. त्याला दोष कसा द्यायचा? गाडीत मधोमध पत्र्याची पूर्ण उंचीची आडभिंत हवी, ओल्या बाजूच्या तळाला पाणी साठवणारी टाकी आणि तिला तोटी हवी, वर ताडपत्री नव्हे तर बिजागरीचे झाकण हवे. दाबणारी मोठी गाडी घरोघरच्या कामाला आणूच नये. ती ओले आणि सुके एकत्र चेपते आणि काळे पाणी रस्ताभर सांडत जाते. आपल्या शहरांत बरीच वस्ती पाखाडीवर, म्हणजे चढाच्या पायऱ्यांच्या वाटेवर असते, तिथे चाक चढत नाही. पाखाडीच्या पायथ्याशी गाडी किती वाजता थांबणार, याची पाटी लावावी आणि ती वेळ पाळावी. सकाळी साडेसात ते साडेआठ ही कामावर जाणाऱ्यांच्या सोयीची वेळ. म्हाताऱ्या माणसांना बादली घेऊन शेवाळलेल्या चिऱ्यांवरून उतरायला लावू नये. त्यांच्यासाठी पाखाडीमागे एक माणूस, पाठीवर अडकवता येईल अशा दोन झाकणबंद पेट्यांसह, पुरतो.

वर्गीकरणाची शेड हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. अनेक ठिकाणी चार खांब आणि वर पत्रा एवढ्यालाच शेड म्हणतात. आडव्या पावसात तिथला माल भिजतो. जोते जमिनीपासून किमान दोन फूट उंच, पश्चिमेची आणि दक्षिणेची बाजू बंद, छपराची पाखे चार फूट बाहेर, फरशीला उतार आणि काळ्या पाण्यासाठी बंद हौद, इतके तरी हवेच. खताच्या हौदांवरही छप्पर हवे. तयार खत ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेले पाहिजे. आंबा बागायतदार खत घ्यायला तयार असतात, पण त्यात काचेचा एक तुकडा सापडला की पुन्हा दारात उभे करत नाहीत.

हे होऊ शकते याचा पुरावा दूर शोधायला नको. वेंगुर्ले नगरपरिषदेने जुन्या डेपोच्या जागी बाग उभी केली, सुका कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा केला, ओल्यापासून बायोगॅस केला, प्लास्टिकचे तुकडे रस्त्यात वापरले. तेही याच पावसात. लोक तिथे सहलीला जातात. आपल्या मुख्याधिकाऱ्यांनी आणि नगरसेवकांनी जुलैमध्ये, ऐन पावसात जाऊन ते पाहावे.

हॉटेले आणि मोठ्या वसतिगृहांबाबत ढिलाई नको. दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच सांगितले गेले. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आणि पर्यटक आले की गाड्यांच्या फेऱ्या वाढाव्या लागतात, त्याचे वेळापत्रक आधीच छापता येते. निर्माल्यातून दोरा, प्लास्टिक आणि जरी काढून टाकली तर ते उत्तम खत होते, विहिरीत किंवा खाडीत सोडण्याचे कारण नाही.

नगरपरिषदेकडे आमची मागणी मोजक्या गोष्टींची आहे आणि ती ३१ मेपूर्वी पूर्ण होऊ शकते. शेडची पश्चिम बाजू बंद करा. गाड्यांना आडभिंत आणि झाकण बसवा. पातेरा जाळण्याऐवजी पोत्यात भरून ठेवायचे आवाहन गाडीच्या भोंग्यावरून करा, आणि नको असलेला पातेरा गोळा करून शेडमध्ये साठवा, खताच्या हौदांना तो लागणारच आहे. दर महिन्याला तीन आकडे नगरपरिषदेच्या फलकावर लिहा: किती ओला कचरा खतात गेला, किती सुका विकला आणि किती टन डेपोवर टाकावा लागला. जुलैचा तिसरा आकडा मेच्या तिसऱ्या आकड्याशेजारी लिहिलेला असावा.

आपला विश्वासू,
एक नागरिक, रत्नागिरी