गोळ्या डबल करायच्या आधी हे वाच

काय बे सच्या,

परवा फोनवर धड बोलता आलं नाही, लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग लागलेली, म्हणून आता निवांत लिहुलालोय. वहिनींचं एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) 9 वरून हलंना म्हणून तू लोहाची गोळी दिवसातून दोनदा सुरू केलीस म्हणालास. कोणाला विचारून बे?

आपल्या अंगात सगळं मिळून 3-4 ग्रॅम लोह असतं, त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्येच. आणि मेन गोष्ट म्हणजे जास्तीचं लोह बाहेर टाकायची शरीराकडं सोयच नाही. मीठ जास्त झालं तर किडनी काढून टाकते, लोहाचं तसं काही नाही, कातडीच्या अन् आतड्याच्या पेशी झडतात त्यातून रोज 1-2 मिलिग्रॅम जातं, बायकांचं पाळीत अजून थोडं, बास. म्हणून जेवणातून अंगात शोषून घेतो तेपण तेवढंच. मग नवीन रक्ताला रोज 20-25 मिलिग्रॅम लागतं ते कुठनं आणायचं? जुन्यातनंच. लाल पेशी 120 दिवसांनी म्हाताऱ्या झाल्या की प्लीहा त्या मोडते आणि लोह परत वापरायला देते. मला तर हा हिशोब लई आवडतो.

सगळा कंट्रोल आत घेतानाच असतो आणि तो लिव्हरच्या हातात. लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं (2000 च्या आसपास सापडलंय, म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हा पुस्तकात नव्हतंच). आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात जायचं एकच दार, फेरोपोर्टिन. हेप्सिडिन येऊन चिकटलं की पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते, मग लोह आत अडकतं आणि चार-पाच दिवसांत ती पेशी झडली की संडासवाटे बाहेर. साठा भरला की हेप्सिडिन वाढतं, आणि रक्त गेलं की बोनमॅरोकडून (हाडातला मगज, जिथं रक्त बनतं) निरोप जातो अन् ते उतरतं.

आता तुझ्या गोळीचं बघ. 60 मिलिग्रॅम किंवा जास्त लोहाचा डोस घेतला की हेप्सिडिन चढतं आणि जवळपास 24 तास चढलेलंच राहतं. म्हणजे सकाळच्या गोळीनं दार लावलं आणि तू संध्याकाळी दुसरी घेऊन त्याच्यावर डोकं आपटुलालास. वर पोटदुखी, बद्धकोष्ठता फुकट. म्हणून आजकाल बरेच डॉक्टर दिवसाआड एकच गोळी देतात. पण हे पण तू मनानं करू नको.

अजून एक. वहिनींचे सांधे सुजतात म्हणालास ना, मला खरं तर तेच खटकलं. अंगात सूज किंवा इन्फेक्शन असलं की हेप्सिडिन असंच वाढतं, कारण जंतूंना पण लोह लागतं, शरीर ते लपवून ठेवतं. साठा असून रक्ताला मिळत नाही. तेव्हा कितीपण गोळ्या ओत, काय उपयोग?

आणि डाळिंब. सोलापूरचा माणूस असून सांगतो, डाळिंबाच्या 100 ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम, लाल रंगाचा आणि लोहाचा काही संबंध नाही, आवडतं तर खा. त्यापेक्षा मटकी, हुलग्याचं शेंगोळं, वर लिंबू पिळून. भाकरीवर लगेच चहा बंद कर, चहानं लोह अडतं, आणि तुमच्या घरात तर जेवण झालं की पातेलं गॅसवर चढलेलंच असतं!

डॉक्टरांना फेरीटिनसोबत (लोहाच्या साठ्याची टेस्ट) सीआरपी (अंगातल्या सुजेची टेस्ट) पण करायचं का ते विचार. सूज असली की नुसतं फेरीटिन उगाच चांगलं दिसतं आणि माणूस फसतो. पाळीत रक्त जास्त जातंय का तेपण त्यांना स्पष्ट सांगा, लाजू नका. रिपोर्ट आला की फोटो टाक, आणि तोपर्यंत संध्याकाळची गोळी बंद.

तुझा,
बाळ्या