रायनची खोली बंगल्याबाहेरच का?

महोदय,

चाळीतला मुलगा पाली हिलच्या बंगल्यात शिरला की आपल्या मालिकांत तो आठवड्याभरात थेट जेवणाच्या टेबलावर! ‘द ओ.सी.’ या अमेरिकन मालिकेत (२००३-०७) चिनो या साध्या कष्टकरी गावातल्या रायनला श्रीमंत कोहेन दांपत्याने ठेवले ते बंगल्याच्या आवारातल्या पोहण्याच्या तलावाकाठच्या खोलीत. घरात, तरी घराबाहेर. काचेच्या दारातून बंगला समोर दिसतो. सगळा ताण तिथला.

मालिकेची घसरण घाईने झाली. पहिल्याच सीझनला २७ भाग. त्यात रायनची प्रेयसी मरिसा हिच्या बापाची अफरातफर, घटस्फोट, वर आईचे दुसरे लग्नही उरकले. पुढे काय लिहिणार? तिसऱ्याच्या शेवटी मरिसालाच मारले, चौथा १६ भागांत गुंडाळला. आपल्याकडे तर रोज एक भाग लागतो. लेखकांनो, निदान त्या मुलाचा लोकलचा पास लगेच काढून घेऊ नका.

– एक प्रेक्षक, दादर